आखाजीचा बंदोबस्त

वर्तमानपत्राच्या कचेरीत प्रत्येक गुन्ह्याला ठरलेली जागा असते. सायकलचोरीला चार ओळी, घरफोडीला अर्धा कॉलम, खुनाला पहिलं पान. जो गुन्हा घडलाच नाही, त्याला मात्र कुठेच जागा नसते. साठच्या दशकाच्या अखेरीला मी जळगावच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि ही गोष्ट संपादकांनी मला सुरुवातीलाच समजावून दिली होती. एका पेठेतले रहिवासी कचेरीत येऊन म्हणाले होते, की आमच्याकडे बऱ्याच दिवसांत चोरी झालेली नाही, तेव्हा पोलिसांचं अभिनंदन छापा. संपादकांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "छापतो. पण पेपर चोरही वाचतात. त्यांच्या लक्षात येईल, की ही पेठ राहून गेली." रहिवासी चहा संपवून गेले. अभिनंदन राहिलं.

त्यामुळे पोलीस खात्याने गुन्हे प्रतिबंधाचा सप्ताह पाळायचं ठरवलं तेव्हा आमच्याकडे पंचाईत झाली. न घडलेल्या गोष्टीची बातमी आठवडाभर कशी द्यायची, हा प्रश्न होता. संपादकांनी तोड काढली. "सभेला जा," ते म्हणाले. "सभा तरी घडेल."

सभा घडली. चार प्रतिष्ठितांनी गुन्हे प्रतिबंध म्हणजे काय ते सांगायचं होतं. पहिले बोलले ते कापडाचे एक मारवाडी व्यापारी. त्यांच्या मते प्रतिबंध म्हणजे कुलूप. त्यांच्या दुकानाला तीन कुलुपं होती आणि तीन किल्ल्या तीन भावांकडे. "तिघं आल्याशिवाय शटर वर जात नाही," ते म्हणाले. "आधी दोनच होती. मग धाकट्याचं लग्न झालं." सभेने यावर टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले त्यांचे धाकटे बंधू तेवढे वाजवत नव्हते.

त्यानंतर एका शाळेचे मुख्याध्यापक संस्कारांवर बोलले. गुन्हा मुळात मनात घडतो, सबब तो मनातच थांबवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बोलत असताना हॉलच्या बाहेर त्यांचे विद्यार्थी पाहुण्यांच्या सायकलींमधली हवा सोडत होते. धुळ्याहून आलेले एक वकील सगळ्यांत कमी बोलले. "गुन्हा म्हणजे कायद्याने ज्याला गुन्हा म्हटलंय ते," ते म्हणाले. "दारूबंदी सैल झाली त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं सकाळी उठली ती सज्जन होऊनच. त्यांनी स्वतः काही केलं नव्हतं." अध्यक्षस्थानी पोलिसांतले वरिष्ठ साहेब होते. त्यांनी सर्वांचे आभार मानले आणि चारही व्याख्या बरोबर असल्याचं जाहीर केलं. चौथी कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सभा संपल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण फौजदार माझ्याकडे आला. कडक इस्त्रीचा गणवेश, हातात टोपी. सगळी सभा त्याने मान न हलवता ऐकली होती.

"आपण सगळं लिहून घेतलंत?"

"हो."

"यातलं बरोबर कोणाचं वाटलं?"

"ते आम्ही ठरवत नाही. आम्ही फक्त आडनावं बरोबर घेतो."

हा विनोद होता, पण फौजदार हसला नाही. तो म्हणाला, "गुन्ह्याला तीन गोष्टी लागतात. माणसं, कारण आणि जागा. तिन्हींपैकी एक काढून घ्या, गुन्हा घडत नाही. इतकं साधं आहे." मग त्याने मला आखाजीला आपल्या हद्दीत यायचं आमंत्रण दिलं. प्रतिबंध कसा करतात ते दाखवतो, म्हणाला.

त्याची हद्द गिरणेच्या दोन्ही काठांवर होती. तो स्वतः मालवणकडचा. खानदेशात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती. वरिष्ठांनी त्याला तोंडी सांगितलं होतं, की वर्षभरात हद्दीत दंग्याचा गुन्हा नोंदवावा लागला नाही तर शिफारस जाईल. लागला, तर मुदत वाढेल. कायम झाल्याशिवाय क्वार्टर मिळत नव्हतं, आणि क्वार्टर मिळाल्याशिवाय गावी एकटी असलेली आई इकडे आणता येत नव्हती. आईने त्याला कळवलं होतं, की पुढचा पावसाळा मी या घरात एकटी काढणार नाही, तू काय ते बघ. वर्ष आखाजीनंतर लगेच पुरं होत होतं. तोपर्यंत दंगा झालेला नव्हता. मध्ये आखाजी तेवढी होती.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. घरोघरी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. जेवणं झाली की पुरुष कडुलिंबाखाली पत्ते मांडतात आणि दिवस मावळेपर्यंत उठत नाहीत. एरवी पत्त्यांना हात न लावणारा माणूसही त्या दिवशी बसतो. तिकडे बायका गौराईच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नदीवर जातात. गौराई बोळवून झाली की समोरासमोरच्या दोन गावांच्या बाया दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींच्या गावाचा उद्धार करतात. शिव्या देतात आणि ढेकळं फेकतात.

फौजदाराच्या नजरेने यात दोन गुन्हे होते. लिंबाखाली जुगार आणि नदीवर बेकायदा जमाव. त्याने दोन आदेश काढले. पत्ते बंद. नदीवर गौराई नेता येईल, पण ओरडणं, शिवीगाळ आणि ढेकळं बंद. दोन्हीकडचं कारण त्याने काढून घेतलं होतं.

आखाजीच्या सकाळी मी पाचोऱ्याला गाडीतून उतरलो आणि भडगावच्या एस.टी.ने पुढे गेलो. फाट्यावर फौजदार जीप घेऊन उभा होता. सोबत एक वयस्कर हवालदार आणि काही शिपाई. हवालदार याच भागातला. फौजदार वर्षभर रोज संध्याकाळी त्याच्याकडून अहिराणी शिकत होता.

"ज्या लोकांत काम करायचं त्यांची भाषा आली पाहिजे," तो मला म्हणाला. "आता मला बठ्ठं समजतं. म्हणजे सगळं."

"बठ्ठं समजतं साहेबांना," हवालदार म्हणाला. "बोलतात तेव्हा मात्र लोक जरा थांबून ऐकतात."

आम्ही आधी पोलीस पाटलाच्या घरी गेलो. पोलीस पाटील म्हणजे गावातली खबर ठाण्याला देणारा गावचाच माणूस. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं. आबा आमची वाटच बघत होता, आणि चेहऱ्यावरून ती फारशी आनंदाने बघत नव्हता. परसात त्याची आई, गावाची अक्का, पालथ्या खापरावर पोळी टाकत होती. पुरणाचा गोळा तिने दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवला आणि अलगद खापरावर सोडला. मग आमच्याकडे बघितलं.

"हाऊ सायेब कोठला शे?"

"कोकणातला," आबा म्हणाला.

"म्हनीसनच," अक्का म्हणाली आणि दुसरा गोळा घेतला.

फौजदाराने घोंगडीवर बसून चौकशी सुरू केली. नदीवर चिथावणी कोण देतं, हे त्याला हवं होतं. आबाने बराच वेळ छताकडे पाहिलं. फौजदाराने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने हनुवटीने परसाकडे खूण केली.

"या?"

"आमची आई. तीस-चाळीस वर्षं तीच पुढे असते."

"आणि समोरच्या काठावर?"

"आमची विहीण. माझी पोरगी दिलीय ना तिकडे."

"मुलगी कुठे आहे?"

"माहेरी आलीय आखाजीला. ती काय, आजीला रस काढून देतेय. ती पण असते नदीवर, आजीच्या शेजारी."

फौजदाराने टोपी मांडीवर ठेवली. "म्हणजे तुमची मुलगी या काठावरून स्वतःच्या सासूला शिव्या देते?"

"मग कोनले देवानी?" अक्का परसातून म्हणाली. "आमले काय सासू शे आते?"

"आणि नंतर ती नांदायला परत जाते?"

"परवा जाईल," आबा म्हणाला. "साहेब, काठावरचं काठावर राहतं. तिथे कोण काय बोललं ते घरी कोणी काढत नाही. काढलं तर त्याच्या घरी पुढच्या वर्षी कोणी गौराईला जात नाही. ढेकूळसुद्धा पाण्यात पडलं पाहिजे. पलीकडे गेलं तर टाकणारीच्या गावाची हार. आजवर कोणाला लागलं नाही."

"आजवर लागलं नाही, हा पुरावा नाही," फौजदार म्हणाला. "लागू शकतं की नाही ते सांगा."

लागू शकतं, हे खरंच होतं. आबाने विषय बदलला. या वर्षी खरा तंटा वेगळाच आहे, म्हणाला. दोन्ही गावांची तेलाची इंजिनं एकाच डोहाचं पाणी उपसत होती. वैशाखात डोहाचं पाणी दोघांना पुरत नव्हतं आणि जो तो समोरच्याकडे बोट दाखवत होता. त्यातच गेल्या आठवड्यात या काठावरच्या इंजिनाचा पट्टा कोणीतरी काढून नेला होता. पट्ट्याशिवाय पंप बंद, आणि पंपाशिवाय केळीची बाग दहा-बारा दिवसांत मान टाकते.

"तक्रार का दिली नाही?"

"आखाजी जवळ आली होती ना," आबा म्हणाला, जणू यात सगळं आलं.

फौजदाराला ते कळलं नाही. मलाही नाही.

जेवणात प्रत्येकाच्या पानात खापरावरची एकेक पोळी आली आणि ताट दिसेनासं झालं. वाटीतला रस संपायच्या आत वाटी पुन्हा भरत होती. शिपाई दोनदा उठता उठता राहिले. मग फौजदाराने घड्याळ बघितलं आणि बंदोबस्त नदीकडे निघाला. वाटेत लिंबाचं झाड लागलं. पार रिकामा होता. पाराच्या आजूबाजूला गावचे पुरुष उभे होते. बसायला हरकत नव्हती, पण पत्ते नसताना नुसतं कसं बसायचं, हे त्यांना कळत नसावं. एकाने विचारलं, "साहेब, नुसते वाटून ठेवले तर चालतील का? खेळत नाही."

"नाही."

"पिसायला तरी?"

फौजदार पुढे गेला.

गिरणेचं पात्र वैशाखात बहुतेक वाळूचंच असतं. मधोमध गुडघाभर पाण्याची एक पट्टी वाहत होती. आखाजीच्या दुपारी पुरुषाने नदीकडे फिरकायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो कोणी मोडत नव्हतं. पोलीस आणि बातमीदार पुरुषांत मोडतात की नाही, याबद्दल नियमात काही नव्हतं. आम्ही एका बाभळीच्या सावलीत थांबलो.

दोन्ही गावांच्या बाया आल्या. गौराई बोळवली. मग आपापल्या काठावर ओळ धरून उभ्या राहिल्या. या काठावर पुढे अक्का, तिच्या शेजारी नात. समोर हिरव्या लुगड्यातली एक उंच बाई, कमरेवर हात. ती आबाची विहीण. आदेशाप्रमाणे कोणी ओरडलं नाही. शिवी दिली नाही. ढेकूळ उचललं नाही. दोन्ही काठ एकमेकांकडे नुसते बघत राहिले.

फौजदाराचा चेहरा समाधानी होता. "बघितलंत?" तो मला म्हणाला. "आदेश नीट समजावून सांगितला की लोक पाळतात."

हवालदार मात्र अस्वस्थ होता. "साहेब, हे बरं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "बोलत नाहीयेत."

"न बोलण्याचाच आदेश आहे."

"तेच म्हणतो साहेब. वर्षाचं पोटात आहे. ते आता कुठे जाणार?"

ते कुठे जाणार, हे लवकरच दिसलं. आखाजीच्या दुपारी नदीवरून जो कल्ला गावात ऐकू यायचा, तो आला नाही. लिंबाखालच्या पुरुषांना काळजी वाटली. हातात पत्ते असते तर ती डाव संपेपर्यंत थांबली असती. पण हात रिकामे होते. आधी एक म्हातारा उतारावर आला, नदीवर काय झालं ते बघायला. त्याला बघायला आणखी काही आले. थोड्या वेळाने या काठावर बायांच्या मागे अर्धं गाव उभं होतं. इकडे काय झालं म्हणून समोरचं गावही आपल्या काठावर आलं.

बाया गप्प होत्या, म्हणून पुरुष बोलले.

"पट्टा कोन लई गया ते सांगा पहिले," या काठावरून आवाज आला.

"तुमना डोया फुटेल शेतस का? राखन कराले काय व्हयनं व्हतं?"

"डोहमधलं पानी पी ऱ्हायनात ते पी ऱ्हायनात, वरतीन चोऱ्या."

"चोर कोनले म्हनस?"

ही नेहमीची शिवीगाळ नव्हती. तिला सूर नव्हता आणि तिच्यावर कोणी हसत नव्हतं. या काठावरचा एक जण धोतराचा काष्टा घट्ट करून पाण्यात उतरला. समोरून दोघे उतरले. मागच्या गर्दीत काठ्या दिसायला लागल्या. त्या नेहमी हातात असतात तशा नव्हत्या, मधोमध धरलेल्या होत्या. फौजदाराने आपल्या शिपायांकडे पाहिलं. त्यांचं जेवण अजून खाली उतरलेलं नव्हतं.

माणसं, कारण आणि जागा. तिन्ही हजर होती, आणि ती तिथे आणायला त्याचाच आदेश कारणीभूत ठरला होता. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर दंग्याचा गुन्हा आला असेल, की बंद क्वार्टर आणि कोकणातला पाऊस, ते सांगता येत नाही.

अक्काने मान वळवली. "सायेब, आते काय ते ठरावा," ती म्हणाली. आवाज वाढवला नव्हता. "आम्ही बोलसूत, का हाई गडी बोलतीन? दोन्हीपैकी एक व्हई."

फौजदाराने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट हवालदाराच्या हातात दिले आणि तो पाण्यात शिरला. पट्टीच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. तिथून त्याने हात वर केला आणि वर्षभर शिकलेल्या अहिराणीत मोठ्याने सांगितलं, "बठ्ठा गडी घर जा! बाया बोलतीन!"

साहेबाच्या तोंडून ती भाषा ऐकून माणसं थबकली. मग तिच्यातला मालवणी हेल लक्षात आला आणि कुठून तरी एक पोर फिस्सकन हसली. पाण्यातले तिघे जिथल्या तिथे थांबले.

पण बायाही बोलेनात. एकदा मोडलेला सूर लागत नव्हता. शिवी सरकारी परवानगीने द्यायची कशी, असंही झालं असावं. अक्काने समोर बघितलं, विहिणीने इकडे बघितलं. दोघींच्या बरोबर मधे, नेमक्या टप्प्यात, फौजदार उभा होता.

"ओ टोपीवाला," अक्का म्हणाली. आता आवाज समोरच्या काठापलीकडे गेला असेल. "पानीमा बगयासारखा कसाले उभा शे? मासा धरी ऱ्हायना का?"

या काठाला हसू फुटलं. समोरच्या काठाला मागे राहणं शक्य नव्हतं. विहीण दोन पावलं पुढे आली. "तुन्हा पायपेक्षा आमनी बकरीना पाय जाड शेतस!"

"तुले पगार सरकार देस, अक्कल कोन दी?"

"मायनी खावाले घालं नही का?"

मग ढेकळं आली. सगळी फौजदाराच्या आजूबाजूला पाण्यात पडली आणि तो कमरेपर्यंत भिजला. एकही त्याला लागलं नाही. या नेमाबद्दल मला आजही आदर आहे. हळूहळू बाया त्याला सोडून एकमेकींकडे वळल्या, आणि मग पुरुषांकडे. एकेकाचं नाव घेऊन घरातली गोष्ट बाहेर यायला लागली, तसे पुरुष मागच्या मागे उताराने वर सरकले. काठी मधोमध धरून उभं राहणं आणि बायकोच्या तोंडून आपलं घोरणं ऐकणं, ही दोन कामं एकाच वेळी होत नाहीत.

गर्दी पातळ झाल्यावर अक्काची नात पुढे आली. पदर खोचला आणि सासूच्या दिशेने ओरडली, "इतला बोल लावस, ते सांग ना, तुन्हा घरमा तेलना वास कसाना येस?"

मग हिरव्या लुगड्यातल्या बाईने दोन्ही हात वर केले. "येस! मन्हा म्हताराना खाटखाले शे तुमना पट्टा! मन्ही नवी गोधडी तेलमा गयी! लई जा तो, नि म्हतारालेबी लई जा!"

हसण्याचा असा आवाज मी नंतर कुठल्या सभेत ऐकला नाही. आबा माझ्या शेजारी बाभळीला टेकून उभा होता. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "म्हणून तक्रार दिली नव्हती. आखाजीला कळणारच होतं."

इतर दिवशी हे सांगितलं असतं तर ती कबुली झाली असती आणि घराची अब्रू गेली असती. काठावर सांगितलं म्हणून ती नुसती शिवी झाली. काठावरचं काठावर राहणार होतं, आणि पट्टा तेवढा परत येणार होता.

फौजदार अजून पाण्यातच होता. बाया टोपल्या उचलून निघाल्या तेव्हा तो बाहेर आला आणि बाभळीखाली उभा राहून पँट पिळायला लागला. हवालदार बूट हातात धरून समोर आला. तो नियमाने वागणारा माणूस होता.

"साहेब, बेकायदा जमाव आहे. सरकारी नोकराचा अपमान आहे. चोरीची कबुली आहे, आपल्या समक्ष. काय काय नोंदवू?"

फौजदाराने पँटचा दुसरा पाय पिळला. नोंद झाली असती तर ती त्याच्याच हद्दीत झाली असती.

"कोण काय बोललं?"

"म्हणजे, सगळ्याच बोलल्या, साहेब. आपण मधेच तर होता."

"मला अहिराणी समजत नाही," फौजदार म्हणाला.

हवालदाराने बूट खाली ठेवले. "बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "शिकवणारा कच्चा होता."

दुसऱ्या दिवशी पट्टा इंजिनावर टांगलेला सापडला. कोणी आणून ठेवला, याची चौकशी झाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आबाची मुलगी सांजोऱ्यांचा डबा घेऊन सासरी गेली आणि सासूने तिला नदीपर्यंत सामोरं येऊन घेतलं, असं आबाकडून कळलं.

मी जळगावला परतलो तेव्हा संपादक प्रुफं बघत होते.

"काय झालं तिकडे?"

"काही झालं नाही."

"मग किती ओळी?"

"एक."

'गिरणाकाठी आखाजी शांततेत पार पडली,' अशी ओळ आतल्या पानावर लागली. वाक्याला कोणी हरकत घेतली नाही. वास्तविक नदीवर शांतता फार थोडा वेळ होती, आणि धोका होता तो तेवढ्याच वेळात. पण हे एका ओळीत बसत नव्हतं, आणि दुसरी ओळ मिळाली नसती.

फौजदार कायम झाला. क्वार्टर मिळालं. पावसाच्या आधी मालवणकडून आई आली. तिने वर्षभर ज्वारीच्या भाकरीला, वाऱ्याला आणि ताज्या मासळीच्या अभावाला नावं ठेवली, पण परत जायचं नाव काढलं नाही. पुढच्या आखाजीला दोन्ही गावांनी मिळून ठाण्याला अर्ज केला, की मागच्यासारखाच बंदोबस्त मिळावा. फौजदाराने पत्त्यांचा आदेश काढला नाही. लिंबाखालून जाताना त्याने दुसरीकडे पाहिलं, आणि नदीवर पोचल्यावर बूट काढून स्वतःच पाण्यात जाऊन उभा राहिला. मी बाभळीखाली होतो. यावेळी बातमीदार म्हणून नाही, जेवायला.

आई अक्काच्या शेजारी काठावर उभी होती. शिव्यांची पहिली फेरी झाली. अक्का तिला म्हणाली, "तुमीबी बोला ना, बाई." तिने दोनदा मान हलवून नको म्हटलं. मग पाण्यात उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं, आणि तिला राहवलं नसावं.

"अरे मेल्या, पाण्यात कित्याक उभो रवलंस? लगीन करूचा सोडून म्हशीसारखो भिजतंस!"

ही फक्त सुरुवात होती. पुढचं मला सगळं कळलं नाही आणि कळलं ते छापण्यासारखं नाही. ती थांबेपर्यंत दोन्ही काठ गप्प उभे होते. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण काम ओळखीचं होतं. हिरव्या लुगड्यातली विहीण समोरून हात जोडून उभी राहिली. अक्का मागे वळून बायांना म्हणाली, "हाई बाईना हात धरनारी आमनामा कोनी नही."

फौजदार मान खाली घालून पाण्याकडे बघत होता. आदल्या वर्षी त्याला भाषा समजत नव्हती. या वर्षी तशी सोय नव्हती.